स्मशानभूमी : दोन

“मेल्यावर तरी एक व्हा की गं. का तिथंबी राखीव जागा पायजे तुमाला?”

सर हे माइकवरून बोलले. कार्यशाळेला जमलेला हॉल हसला. पडद्यावर माझ्या गावाचं पान उघडं होतं आणि सरांची काठी एका ओळीवर टेकली होती. स्मशानभूमी : दोन.

पलूस तालुक्यातल्या गावांचा विकी, विकिपीडियासारखा, आमचं कॉलेज तयार करत होतं. मी तिथं संगणक विभागात कंत्राटी सहायक. पानांचा साचा माझ्याकडं होता. फॉर्ममधले रकाने भरायचे, ग्रामदैवत, यात्रा, शाळा, माजी सैनिक, स्मशानभूमी, की गावाचं पान आपोआप उभं राहायचं. माझ्या गावाचा फॉर्म मी भरला. आमचे विभागप्रमुख, हे सरही त्याच गावचे. निम्म्या शिवारात त्यांचा ऊस.

दोन लिहिलं, कारण दोन आहेत. एक नदीकडेची. पत्र्याची शेड, नळ, बसायला बाक. दुसरी ओढ्याकाठी, आमच्या बौद्ध वस्तीची. तिथं काही नाही. गेल्या श्रावणात माझ्या बापाला तिथं जाळलं. पावसात सरण पेटेना. भाऊ शेड मागायला गेला. सरांच्या चुलत्यांनी वाट अडवली. “रीत हाय ती हाय. लाकडं वली असतील तर डिझेल वता.” ओतलं. बाप अर्धाच जळला. उरलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळला.

यातलं काहीच मी पानावर लिहिलं नव्हतं. फक्त ‘दोन’ लिहिलं होतं.

“पूस ते,” सर म्हणाले. “तुझ्याच खात्यातनं पूस. पानाच्या इतिहासात तुझं नाव दिसू दे. उद्या कुणी म्हणायला नको, आमी पुसलं.”

विकीवर कोणता बदल कोणी केला, ते कायम राहतं. सरांना ते पक्कं ठाऊक होतं.

मी ‘दोन’ खोडून ‘एक’ लिहिलं. बदलाचं कारण सरांनी सांगितलं तसं टाइप केलं : चूक दुरुस्त केली. जतन. पुढच्या रांगेतून टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, “शाणी हाय.”

बापाला दोनदा जाळताना मी पाहिलं होतं. ही तिसरी वेळ. या वेळी काडी माझ्या हातात.

सर चहाला निघाले. जाता जाता म्हणाले, “आता साच्यातच ‘एक’ घालून टाक. दुसऱ्या गावांचीबी कटकट नको.”

मी साचा उघडला. साच्यातला बदल तालुक्याच्या प्रत्येक गावाच्या पानावर उमटतो. स्मशानभूमीच्या खाली मी एक नवा रकाना घातला : येथे कोणाला जाळू देत नाहीत. माझ्या गावाच्या पानावर तो भरला. बौद्धांना. बाकीच्या पानांवर रिकामा सोडला. ज्या त्या गावानं भरावा. कारण लिहिलं : मघाची चूक दुरुस्त केली.

पडदा चालूच होता. पुढच्या रांगेतलं कुणीतरी सरांना बोलवायला पळालं.

सर कप हातात घेऊन धावत आले. “काढ ते. काढ म्हंतो न्हवं? कंत्राट संपलं म्हणून समज तुझं.”

“तुमच्या खात्यातनं काढा, सर.”

ते काढतील. माझं खातंही बंद करतील. त्यांनी त्यांच्या नावानं करावं. माझ्या हातानं माझा बाप पुन्हा जळणार नाही.