आमच्या ओसरीवरचे मंत्री

आमचं गाव नदीच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे दुसरं राज्य, दुसरी भाषा. बाजाराच्या दिवशी मिरची-चिंच घ्यायला आम्ही डोंग्यातून पलीकडे जायचो, त्यामुळे भाव करण्यापुरतं तेलुगू सगळ्यांनाच यायचं. शाळेत मराठी, बाजारात तेलुगू, आणि बायकांच्या भांडणात दोन्ही. जिल्ह्याहून एसटी दुपारी यायची. तिच्यातून शिक्षक यायचे, औषधं यायची आणि आदल्या दिवशीचा पेपर.

हायस्कूल आमच्याच गावात होतं, म्हणून जंगलातल्या खेड्यांतली मुलं शिकायला येऊन राहायची. त्यातला एक आमच्या शेजारी खोली घेऊन राहिला. तो दहावीत, मी चौथीत. स्वयंपाक त्याला जमत नसे. भात करपल्याचा वास आला की आई भिंतीवरून हाक मारायची, "ये रे बापा, जेव इकडंच." जेवण झालं की तो ओसरीवर बसून मला गणितं घालायचा. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. पुढे इंजिनिअर होऊन सिंगापूरच्या तुआसमधल्या कारखान्यांपर्यंत पोचले, त्यात त्या गणितांचा वाटा मोठा आहे. तो वकील झाला, निवडून आला, आता राज्यात मंत्री आहे.

गेल्या वर्षी ते शिष्टमंडळासोबत सिंगापूरला येणार असल्याचं कळलं. तोआ पायोहमधल्या एका सभागृहात इथल्या मराठी लोकांशी भेट ठेवली होती. आई तेव्हा माझ्याकडे पुंगोलला आलेली. तिनं ओळखीच्या झाडून सगळ्यांना सांगून टाकलं, "माझ्या हातचं जेवलेला पोरगा येऊन राहिला."

मला धडकी भरली. इतक्या वर्षांत ना फोन, ना भेट. त्यांनी ओळखलंच नाही तर चारचौघांत आईचं तोंड एवढंसं होईल.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी तिला पढवत होते. "आई, तिथं अरे-तुरे करू नकोस. साहेब म्हण, नमस्कार कर आणि बाजूला हो."

"त्याले साहेब म्हणू? गळू झालं होतं तवा पोटीस मीच बांधलं त्याले."

"ते तर मुळीच सांगू नकोस!"

माझी लेक फोनमधून मान वर न करता खास सिंगापुरी सुरात म्हणाली, "आजी, जस्ट से हाय, ला."

"हो बाई, हाय म्हणते. हे तुझ्या मायच्या शिकवणीपेक्षा सोपं हाय."

सभागृहात मंत्री रांगेसमोरून हात जोडत येत होते. आईपुढे आले. तिनं शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "नमस्कार साहेब." ते हसले, नमस्कार केला आणि शेजारच्या गृहस्थांकडे वळले. आई चेहरा न हलवता उभी होती. मग तिला राहवलं नाही.

"का रे बापा, अजून बी पेपरातलं मधलं पान गाळतं का?"

ते गर्रकन वळले. तिच्याकडे पाहतच राहिले. "मोठीमाय?"

मग भोवतालच्या लोकांना सांगायला लागले, "यांच्या ओसरीवर गावातल्या म्हाताऱ्यांना मी पेपर वाचून दाखवायचो. भूक लागली की मधलं पान गाळून उठायचो. कुणाला कळायचं नाही."

"मले बराबर कळे," आई म्हणाली. "तिकडं लढाई चालू, अन् एकदम तुरीचा भाव! मंग मी ताट वाढायले घेऊ."

सगळे हसले. सगळ्यात जास्त तेच हसले. मग हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्या बाबांबद्दल हळूच विचारलं, "काका?"

"गेले रे, चार वर्सं झाली."

त्यांनी तिचा हात धरला. सोबतचे अधिकारी चुळबुळत होते, पण ते हलले नाहीत.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "बरं झालं बाई. सगळ्यायले सांगून बसली होती मी. त्यानं ओळखलं नसतं तर तुले काय तोंड दाखवलं असतं?"

म्हणजे तीही तीच भीती घेऊन माझ्या शेजारी बसली होती. मला एकदम हलकं वाटलं. आईनं चपला काढल्या आणि एमआरटीच्या सीटवर छान मांडी घालून बसली. समोरच्या बाईनं पाहिलं. मीही पाहिलं, आणि तिला तसंच बसू दिलं.