गुंगी की पूर्ण भूल?

परभणीत एखाद्याला ऑपरेशन सांगितलं, की औषधांच्या आधी किस्से गोळा होतात. माझ्या नाकात थोडं मांस वाढलं होतं, एवढंच. पण सकाळी फिरून चहाला बसणाऱ्या आमच्या मंडळींत मी ही बातमी फोडली आणि जो तो स्वतःचं ऑपरेशन घेऊन पुढं सरसावला!

डॉक्टर म्हणाले होते, "काम छोटं आहे. गुंगीत होईल, पूर्ण भूल देऊनही होईल. गुंगीत तुम्ही अर्धवट जागे, पूर्ण भुलीत घशात नळी. दोन्ही चालतं. तुम्ही ठरवा."

मी पीएच.डी. आहे. पण 'तुम्ही ठरवा' म्हटलं, की मला घाम फुटतो. पूर्ण भुलीतून उठलोच नाही तर? आणि गुंगीत भलतंच काही बोलून बसलो तर?

"तुमचे वडील असते, तर त्यांना काय दिलं असतं?" मी विचारलं.

"वडिलांनी मला विचारलंच नसतं, सर!"

* * *

आमच्यातले मुंजाजीराव मोठे शेतकरी. ते म्हणाले, "सर, गुंगीच घ्या! लय बेस्ट. समदं ऐकू येतंय."

त्यांच्या नाकाचं हाड काढताना डॉक्टर मधेच "अरेच्चा!" म्हणाले होते.

"मग? काय झालं होतं?"

"काय की! इचारावं म्हणलं, तर जीभच उचलंना. आजून इचार करायलोय."

घरी पोचेपर्यंत माझं ठरलं: पूर्ण भूल.

* * *

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानवाले विश्वनाथअप्पा भेटले. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन पूर्ण भुलीत झालेलं. अप्पा लिंगायत. थिएटरच्या दारात नर्स म्हणाली, "अप्पा, गळ्यातलं लिंग काढून ठेवा."

अप्पा म्हणाले, "हे काढलं तर मीच न्हाई. मग भूल कुणाला देता?"

शेवटी लिंग त्यांच्या मुठीत ठेवून वरून पट्टी बांधली. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले का बघायला नर्सनं विचारलं, "अप्पा, तुमचं नाव काय?"

"आधी मूठ सोडा, मग सांगतो!"

* * *

तपासणीला भूलतज्ज्ञ बाई होत्या. "घोरता का?"

"छे!" मी म्हणालो.

"रस्त्यानं जाणारे ऑटोवाले थांबून बघतात," आमची ही म्हणाली.

मी हळूच माझी भीती सांगितली, की गुंगीत काही बोललो तर? बाई हसल्या. ही मात्र गंभीर होऊन त्यांना म्हणाली, "अहो, जागेपणी एक वाक्य धड पुरं करत नाहीत. तुमच्याकडं करतील तर मला पण बोलवा."

* * *

त्यानंतर मी हॉस्पिटलला फोन करत राहिलो. शेवटच्या फोनला सिस्टर म्हणाली, "सर, काल गुंगी म्हणलात, सकाळी पूर्ण, आता परत गुंगी. मी पेन्सिलनंच लिहायलेय!"

* * *

शेवटी गुंगीच घेतली. सुई टोचलेली आठवते, पुढचं काही नाही. जाग आली तेव्हा नाकात कापूस होता.

संध्याकाळी डॉक्टर सिस्टरला घेऊन आले. नाक बघितलं. "छान झालंय."

"मी काही बोललो का हो?"

"बोललात की!"

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "मानवतजवळ आमची कपाशी आहे, सर. तुम्ही बोंडअळीवर बोलत होता. अगदी सरळ, ठाम. हे करा, हे करू नका! आम्ही सगळे ऐकत होतो. फवारणी कधी करायची ते सांगायला लागलात आणि बाईंनी डोस वाढवला. तेवढं राहिलं."

आयुष्यभर शेतकी कॉलेजात हाच विषय शिकवलेला. मला जरा हुरूप आला. उशीला टेकून बसलो आणि म्हणालो, "त्याचं असंय डॉक्टर, तसं बघितलं तर यावर दोन मतं आहेत. म्हणजे पहिलं जे मत आहे, ते एका अर्थी बरोबर, पण दुसऱ्या अर्थी..."

डॉक्टर उठले.

"सिस्टर, सरांच्या दुसऱ्या नाकपुडीचं कधी ठेवायचं ते बघा. आणि गुंगीच लिहा. पेनानं!"