तांदळाच्या कोठीतलं होम थेटर

माही पोरगी वनिता, तिची माय वारली, त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं नाटक ऐकत होतो. म्हणजे ती ऐकत होती, मी घोरत होतो.

मोहफुलाचे दिवस. अंगणात फुलं वाळत टाकली होती, बोडीच्या पाण्यावरून वारा येत होता, आन त्या वासानं माणसाले पिल्याशिवायच चढते. ती मच्छी साफ करत बसली होती. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत आमच्या गावात झालेल्या नाटकाची शीडी होम थेटरात लागली होती.

"अजी, झोपले का जी?"

"नाई, ऐकून राह्यलो ना!" (घोरता घोरता बोलाची माही कला साऱ्या गावाले ठाऊक आहे.)

डोळा उघडला तं होम थेटर बंद, ती चुलीपाशी. मले वाटलं, माह्या झोपेपायी थांबवलं, उरलेलं उद्या मिळून ऐकू. उद्या ती नव्हती.

ते होम थेटर जवाईबापूनं नागपूरवरून आणून देल्लं होतं. त्याचा एक गुण असा, का लाईन जावो का येवो, जिथी थांबवलं तिथूनच पुढं वाजते. फक्त झाकण उघडून शीडी काढली, का विसरते. म्हणून मी त्याले हात लावला नाई. पाणकाळा गेला, धान कापून झाला, मी नुसती धूळ पुशे. संध्याकाळी त्याचा लाल दिवा लागला का समोर बसो. वाटे, ती आत नाटक थांबवून बसली आहे, आन माही वाट पाहून राह्यली आहे.

अशात जवाईबापू वनिताले घेऊन आले, हातात नवी शीडी होती.

"मामाजी, याचं सॉफ्टवेअर अपडेट करा लागते."

"काऊन? बिघडलं का?"

"बिघडलं नाई. पण नवीन आलं का टाका लागते."

"आमच्या बैलाचं कोणी अपडेट केलं नाई, तरी चालते!"

"बैल गाणे वाजवत नाई, मामाजी."

"म्हणूनच तं टिकते!"

ते हसले. म्हणे, "ही शीडी काढून माही टाकतो. आतलं सारं पुसून कोरं करते, मंग एकदम नव्यासारखं!"

पुसून म्हटल्यावर मी पेटीपुढं येऊन उभा राह्यलो. पण जवाईमाणसाले सांगाचं काय? म्हटलं, "आधी आंघोळ करून घ्या." ते न्हाणीत गेले, तशी मी वायर उपटली, पेटी तिच्या लुगड्यात गुंडाळली, तांदळाच्या कोठीत घातली आन वरून तांदूळ लोटले.

"बाबा!" वनिता ओरडली. "होम थेटर कुठी गेलं?"

तेव्हाच खरं बोललो असतो तं निभलं असतं. पण तोंडातून निघालं, "चोरीले गेलं असन."

झालं! आमच्या गावात दाराले कडी लावत नाई, आन चोरी? सारी गल्ली जमली. शेजारचे सीतारामभाऊ काठी घेऊन आले.

"चोर पाह्यला का तुम्ही?"

"पाठमोरा पाह्यला." (काऊन बोललो, देवाले ठाऊक!)

"कसा होता?"

"म्हाताराच होता. माह्याएवढा."

मीच चोर पाह्यला, म्हणून मलेच सगळ्याच्या पुढं चालवलं. बोडीची पाळ झाली, धानाच्या बांध्या झाल्या, सागाची झाडं झाली. मी बी प्रत्येक झुडपात वाकून पाहो! दिवस बुडता बुडता भुकेले परत आलो. वनितानं जीव लावून म्हटलं, "काका, आता सगळे जेवूनच जा."

आन तांदूळ काढाले कोठीत हात घातला.

लुगडं वर आलं. त्याच्यातून होम थेटर.

सीतारामभाऊनं पेटीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. "चोर माणूस मोठा इमानदार! घराच्या बाहेर नाई नेलं!"

सगळे हसले. मी नाई हसलो. वनिताले म्हटलं, "तुही माय जिथी थांबली, ते आहे त्यात. जवाईबापूले म्हण, पुसू नोका."

सीतारामभाऊनं काठी खाली ठेवली. जवाईबापूनं शीडी खिशात टाकली. "मामाजी, अपडेट नाई केलं तरी काही अडत नाई."

"मंग हे आंघोळीच्या आधी बोलाचं होतं ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकरमधले तांदूळ झटकले, वायर लावली आन डोळे मिटून बटन दाबलं. जिथी थांबलं होतं, तिथूनच लागलं—

"...आन मंडप देणाऱ्या भाऊंचे आभार! बैलबंड्या सांभाळून काढा. एका बाईची चप्पल सापडली आहे, ती स्टेजपाशी येऊन घेऊन जावी."

मंग नुसती खरखर.

नाटक कधीचंच संपलं होतं! मी घोरत राह्यलो आन तिनं शेवटपर्यंत ऐकून टाकलं होतं. आन मी इतके दिवस कोणाची तं चप्पल राखत बसलो होतो!

पण छातीवरचा गोटा उतरला. तिचं काही अर्धं राह्यलं नव्हतं. राह्यलं होतं ते माहं. आता शेवट ऐकाचा, म्हणून मांगं न्याचं बटन दाबून दाबून थकलो. शेवटी जवाईबापूले उठवलं.

ते अर्धवट झोपेत म्हणे, "मामाजी, तेच बटन चालाले पाह्यजे म्हणून तं अपडेट आणलं होतं!"

मी माह्या हातानं झाकण उघडलं. म्हटलं, "टाका. पण सीतारामभाऊले सांगू नोका."