निरोगी भावंड

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या बाईला सगळे हसरी म्हणत. गिऱ्हाईक आलं की ही हसणार, मनात तीन मोजून नजर खाली घेणार आणि विचारणार, घरी सगळे बरे ना? हे सगळं तिनं मैत्रिणींचं बघून बघून घोटलेलं. संध्याकाळी घरी यायची ती पार गळून. आई म्हणायची, बसून तर काम असतं, दमतेस कशानं!

आणि धाकटा भाऊ? चाळिशीला टेकला तरी घरात 'बाळ'च. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी त्याला स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, ठरवलं आणि मग काय, त्याचंच राज्य. बाळाला गलका सोसत नाही, रेडिओ बंद. बाळाला माणसं नकोत, त्याला आतली खोली. मग पाहुण्यांपुढे जायचं कुणी? हिनं! भावावर जीव होता तिचा, खोटं कशाला बोला. पण त्याच्या त्या बंद दारावर ती जळायची, अशी जळायची की विचारू नका.

यंदा हॉस्पिटलात एक अभ्यास निघाला. स्वमग्नता बायकांत आणि पुरुषांत वेगळी का दिसते, मेंदूतली रसायनं दोघांत वेगळी असतात का, हे त्यांना शोधायचं होतं. बाळ रुग्ण म्हणून आणि ही तुलनेला, 'निरोगी भावंड' म्हणून. हिनं रक्त दिलं, तासन्‌तास प्रश्नांची उत्तरं दिली. आईनं दोघांच्या लहानपणाचे फॉर्म भरले.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बोलावलं. रक्तावरून हे कळत नाही म्हणाल्या, पण तुमची उत्तरं आणि आईंचा फॉर्म पाहता तुम्हीही स्वमग्न आहात. मुली दुसऱ्यांचं बघून निभावून नेतात, म्हणून राहून जातं. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. आईच्याच अक्षरात होतं: आरशापुढे बोलणं पाठ करायची. पाहुणे गेले की कपाटात जाऊन बसायची. कुणाला सांगू नको म्हणायची.

घरी आई चादरीच्या घड्या घालत होती.

"तुला सगळं दिसत होतं?"

"दोघांचं झेपलं नसतं गं मला," आई म्हणाली. "तू निभावत होतीस."

"आणि नसतं निभावलं, तर माझ्याकडे बघितलं असतंस?"

आईनं हातातली घडी खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली.