पाटीला हात

डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणाऱ्या बाईला सगळं एकटीनं जमतं, एक गोष्ट सोडून. खाली ठेवलेली भरली पाटी पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आम्ही घाटावरचे. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बोईसरला आलो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. नवापूरहून टमटमनं येणारी मावशी पहिल्यांदा आमच्या पायरीवर बसली, तिनं मला मांदेली निवडून दिली आणि उठताना म्हणाली, "बाय, जरा हात लाव." इथं असं म्हटलं की रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही थांबतो. त्याला कुणी नाही म्हणत नाही.

नऊ वर्षं मी तिच्या पाटीला हात लावला. बोंबील दगडाखाली दाबून त्याचं पाणी काढायचं, हे मी तिच्याकडून शिकले. कुठला मासा घेऊ नये हेही तीच सांगायची, तिच्याच पाटीतला असला तरी. मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिनं मुशी नावाची मासळी आणून दिली, आणि माझ्या सासूबाईंना ती कशी करायची ते ओट्याशी उभं राहून शिकवलं. त्या वेळी माझी आई जवळ नव्हती. माझं फार प्रेम होतं तिच्यावर, पण तसं कधी बोलले नाही.

आता माझ्याबद्दल. मी शाळेपासून योगासनं करते आणि मला त्याचा माज होता. पादहस्तासनात माझं कपाळ गुडघ्यांना टेकायचं. सोसायटीतल्या बायकांना गच्चीवर मीच शिकवायचे, आणि एखादीचे हात पायापर्यंत पोचले नाहीत की दोन शब्द ऐकवायचेही. दुसरा दुर्गुण म्हणजे तोंड. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या सकाळी पाटी बर्फासकट गच्च भरलेली होती, आणि मुलीची शाळेची गाडी दारात हॉर्न वाजवत होती. मी घाईनं गेले, गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकले, अगदी पादहस्तासनातल्यासारखी, आणि हिसक्यानं पाटी उचलली. कमरेत कळ आली ती थेट पायापर्यंत गेली. पाटी कलंडली, मासे पायऱ्यांवर पसरले. आणि मी किंचाळले, "एवढं मरणाचं ओझं आणतेस कशाला? माझी कंबर मोडलीस तू!"

सगळी बिल्डिंग बाहेर आली होती. मावशीनं आधी मला कुशीवर निजवलं, डोक्याखाली स्वतःची चुंबळ ठेवली, आणि मग मासे गोळा केले. मला आत नेल्यावर तिनं ती पाटी कशी उचलली, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या गल्लीत आली नाही.

डिस्क सरकली होती. सहा महिने पट्टा, गोळ्या आणि शेजारणींची कीव. भरला कुकर उचलायला मी नवऱ्याला हाका मारायचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मला कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण मी स्वतःला रोज म्हणत होते. मावशीला निरोप पाठवता आला असता. नुसत्या तोंडी माफीत अर्थ नाही, आधी पाटी उचलण्याइतकी बरी होऊन दाखवीन, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं कारण लाज हेच होतं.

डॉक्टर म्हणाले, आता ताकद वाढवा. म्हणून एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बायकांचा व्यायामवर्ग चालतो, तिथं गेले. शिकवणारी मुलगी मूळची उत्तर प्रदेशची, वाढली बोईसरमध्ये. भिंतीशी केटलबेल मांडलेल्या, कडी लावलेले लोखंडी गोळे, लहानापासून मोठ्यापर्यंत. तिनं मला वाकून दाखवायला सांगितलं. मी हौसेनं कपाळ गुडघ्यांना टेकवलं. तिनं कौतुक केलं नाही. "दीदी, झुकना आता है, उठना नहीं आता," म्हणाली. मला असा राग आला की चप्पल घालून निघणारच होते. पण बरोबर होतं तिचं.

ती दोन्ही एकत्र शिकवायची. आधी मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन, म्हणजे पाठ मोकळी होते. मग केटलबेल. हात भरलेले असताना आपण मागच्या मागे धक्का देऊन दार लावतो ना, तसं बूड मागं न्यायचं, पाठ सरळ, आणि श्वास सोडत मांड्यांच्या जोरावर उठायचं. शेवटी शवासन. चार किलोची केटलबेल पहिल्यांदा उचलली तेव्हा भीतीनं घाम फुटला होता. ती कधी मागे लागली नाही. माझ्या पाठीवर दोन बोटं ठेवून उभी राहायची, पाठ वाकली की टकटक करायची.

"वजन कम करना है?" तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, मला मासेवालीची पाटी उचलायची आहे. ती हसली नाही. वर्षभरानं मी सोळा किलोची केटलबेल उचलू लागले, तेव्हा एका सकाळी ती घमेल्यात वाळू भरून घेऊन आली, ओढणी गुंडाळून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "चलो, मैं मौसी." आम्ही दोघींनी ते घमेलं तिच्या डोक्यावर चढवलं. एकदा नाही, पाच वेळा. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, उद्या नवापूरला जाते.

मावशी ओट्यावर पाय पसरून जवळा निवडत होती. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते. मला बघून तिचा चेहरा उजळला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"पाटी बंद केली गं," ती म्हणाली. "गुडगे गेले. आता सून जाते, स्कूटीवर डबे बांदून."

"कसे गेले गुडघे?"

"तुज्या कंबरेचं जालं ना, मंग कोनच्याच बायला हात लावाया सांगितलं नाय. कट्टा बगायची, त्याच्यावर पाटी ठेवायची. कट्टा नाय तर खाली बसून सोताच डोकीवर घ्यायची आन उटायची." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जवळ्यातला कचरा वेचत ती म्हणाली, "घरातली बाय आडवी पडली तर पोरांना रांदून कोन घालनार?"

दीड वर्ष मी माझी कंबर सांभाळत होते आणि ती गावभरच्या बायकांच्या कंबरा सांभाळत होती, माझ्या एका वाक्यासाठी.

तिला चहा करायला उठायचं होतं. भिंतीला हात टेकून तिनं दोनदा प्रयत्न केला. सून बाजारात गेली होती. मी पुढं झाले.

"नको," ती एकदम दचकून म्हणाली. "तू नको. तुजी कंबर हाय."

"मावशी, हात दे."

मी तिच्यासमोर पाय रोवले, बूड मागं नेलं, तिला माझे दंड धरायला लावले. तिचं तोंड माझ्या तोंडाशी आलं, आणि मी म्हटलं, "माझं चुकलं गं."

"आदी उटव, मंग बोल."

मी श्वास सोडला आणि उठवलं तिला. गुडघे कळवळले असणार, तिनं ओठ दाबून धरले होते. पण उभी राहिल्यावर तिनं गुडघ्यांना हात लावला नाही. तिनं माझ्या कंबरेमागे हात नेला, पदराखालून तळवा पाठीवर फिरवला, जवळ्याच्या ओल्या हातानं, आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "दुकली नाय ना?"

मी नाही म्हटलं. पण मला इतकं रडू आलं की तिला ते पटेना.