मामा दोन सीटची गाडी बघायला जातात

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून माझ्या मामेसासऱ्यांइतका थंड डोक्याचा माणूस दुसरा नाही, असं मी लग्न झाल्यापासून ज्याला त्याला छातीठोकपणे सांगत आलो होतो. या मताला कधी तडा जाईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी तासगावात, एका बेदाण्याच्या शेडसमोर, भर उन्हात ते मत निकालात निघालं. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. आणि आता सावरलो असं वाटायला लागतं तोवर मामा दुसरा धक्का देतात.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कराडला लागून मलकापूर आहे, तिथून थोडं आत गेलं की त्यांचा ऊस आणि उसाच्या कडेला घर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत ट्रक चालवले. ज्या डोंगरी रस्त्यांचे नुसते फोटो बघून आपण डोळे मिटून घेतो, त्या रस्त्यांवर ते दारूगोळा भरलेला ट्रक घेऊन जात. त्यामुळं की काय, त्यांना कशाचंच काही वाटत नाही. पुढ्यात चहा आला तरी साय धरेपर्यंत त्याच्याकडं बघत बसतात. आपण घाई केली तर म्हणतात, "च्या कुठं पळून चाललाय व्हय?" पुतण्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात साप निघाला. खुर्च्या उलथल्या, भटजी पाटावरून थेट जेवणाच्या टेबलावर चढले, आणि नवरदेव नवरीच्या मागं लपला, जे ती आजही विसरलेली नाही. मामांनी फक्त दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, सापाला जायला वाट करून दिली आणि शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "धामण हाय. तिलाबी पत्रिका गेली आसंल."

असा माणूस काही विकत घेताना सोबत असावा असं कुणालाही वाटणार. आसपासच्या गावांत म्हैस घ्यायची असो, जुना ट्रॅक्टर असो की विहिरीवरची मोटर, लोक मामांना जीपमध्ये घालून नेतात. एकदा मी त्यांच्याबरोबर म्हैस बघायला गेलो होतो. मामा म्हशीकडं पाठ करून बसले आणि विकणाऱ्याशी त्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिले. मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. म्हैस बिचारी उभी, विकणारा उभा, आम्ही उभे. शेवटी विकणाराच कासावीस होऊन म्हणाला, "आवं फौजी, खरं सांगतो, मागल्या एका सडाला दूध कमी हाय." मामा डोळे न उघडता म्हणाले, "आजून?" त्यावर त्या माणसानं म्हशीच्या लाथा मारण्यापासून तिच्या आईच्या स्वभावापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मलाही ते असेच बघायला आले होते. बाकीची मंडळी माझं शिक्षण, नोकरी, पगार विचारत होती. मामांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जरा जिना चढून-उतरून दावा की." मी हादरलो, पण मुलगी मनात भरली होती, म्हणून मुकाट्यानं चढलो आणि उतरलो. माझ्या छातीच्या भात्याकडं लक्ष देत मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "इंजन बरं हाय. वरचा रंग उडालाय, पर चालंल." तेवढ्यावर माझं लग्न ठरलं.

जुनी वस्तू बघण्याचे त्यांचे काही नियम होते आणि ते त्यांनी मला अनेकदा ऐकवले होते. जेवून जायचं, कारण उपाशी माणसाला समदंच ग्वाड लागतं. नुकतीच धुतलेली गाडी बघायची नाही. आधी खाली वाकायचं, मग आत डोकवायचं, आणि बसायचं सगळ्यांत शेवटी. "पाव्हणं, एकदा का माणूस शीटवर बसला की त्यो आपला ऱ्हात न्हाई, गाडीचा हुतो," असं ते बजावत.

तर गेल्या वर्षी एके दिवशी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, उद्या मोकळं हायसा न्हवं? तासगावला जायाचंय. गाडी बघायची हाय." मला वाटलं, ट्रॅक्टर असेल. सकाळी साताऱ्याहून निघून मी मलकापूर गाठलं, तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून, डोळ्यांना काळा चष्मा लावून ओसरीवर तयार. मामी सुपात ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, आदी त्यांच्या कपाळाला हात लावून बगा. ताप हाय काय?"

मामांनी मला बाजूला घेतलं आणि मोबाईलवर फोटो दाखवला. लालभडक, जमिनीला चिकटून बसलेली, छप्पर उघडणारी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. मी आधी फोटोकडं पाहिलं, मग मामांकडं, मग पुन्हा फोटोकडं.

"मामा, ही कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजी? माझ्यासाठी!"

मला ओसरीचा खांब धरावा लागला. मामांनी हळू आवाजात खुलासा केला. महामार्गाच्या कडेला ते एसटीची वाट बघत उभे होते. तेवढ्यात अशी एक गाडी समोरून गेली, छप्पर उघडं टाकून. "आन चालवणारा माझ्यापरास म्हातारा हुता वो! डोक्याव एक केस न्हाई, पर काय ऐटीत चालला हुता!" त्या दिवसापासून मामांना झोप नव्हती. एवढं सांगून त्यांनी माझा हात धरला. "मला माझाच भरवसा न्हाई. म्हून तुमाला संगं न्हेतोय. मी तिथं हासलो, तर मला हाताला धरून भाईर काडा."

मामा हसतील, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटली. पण माझ्या गाडीत बसताना मामी मागून ओरडल्या, "आवं, जेवला न्हाईसा!" आणि मामा म्हणाले, "भूक न्हाई." तिथंच त्यांचा पहिला नियम मोडला.

तासगावचे ते गृहस्थ बेदाण्याचे व्यापारी होते, साठीच्या आसपासचे, बोलायला मोकळे. गाडी त्यांच्या मुलानं हौसेनं जुनीच घेतली होती. आता पुण्यात त्याला बाळ झालं होतं. "गाडी दोन माणसांची, आन घरात तिसरं माणूस आलं," व्यापारी हसत म्हणाले. "दुपारी कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक यायचं हाय. तुमी आदी आलायसा, तुमी आदी बगा." बेदाण्याच्या शेडसमोर ती उभी होती. नुकतीच धुतलेली. चाकांवरून अजून पाणी ठिबकत होतं.

मी मामांकडं पाहिलं. आता ते तिच्याकडं पाठ करून बसतील, गुडघ्यांची चौकशी करतील, डोळे मिटतील, अशी मी वाट पाहत होतो. मामा सरळ चालत गेले, दार उघडलं आणि स्टिअरिंगच्या मागं जाऊन बसले. त्यांनी किल्ली फिरवली. वाघ जांभई देतो तसा आवाज झाला, शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि माझे मामेसासरे, सापाला पत्रिका गेली असेल म्हणणारा तो माणूस, खो खो हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"मामा, तुम्ही हसलात!"

"हासलो व्हय? मग आजून जरा हासू द्या की!" आणि व्यापाऱ्याकडं वळून ते म्हणाले, "घेतली!"

त्यांनी अजून गाडीभोवती एक फेरीही मारली नव्हती. आयुष्यात प्रथमच मामांच्या वाटणीचं थंड डोकं मला वापरायचं होतं, आणि माझ्याकडं तसलं काही नाही हे माझी बायको शपथेवर सांगेल. मी खाली वाकलो. काय बघायचं ते कळेना, म्हणून नुसताच वाकून राहिलो. मग म्हणालो, "निदान एक चक्कर तरी मारू," आणि त्यांच्या शेजारी बसलो. पट्टा लावायला गेलो तर तो अडकला. वैतागून मी तो जोरात, पार शेवटपर्यंत ओढला. आतून भुरभुर माती माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडली.

मामांचं हसणं बंद झालं. त्यांनी माझ्या शर्टावरची चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. इंजिन बंद केलं. "गाळ हाय," ते म्हणाले. "किष्णंचा. पुराचं पाणी आमच्या उसातनं वसारलं, का ह्योच वास यितुया."

मग ते खाली उतरले, आणि मला माझे ओळखीचे मामा परत दिसले. त्यांनी पायाखालचा गालिचा उचकटला. खाली पत्रा गंजलेला, वायरींवर हिरवट थर. मागची जादा चाकाची जागा उघडली, तिथं कोपऱ्यात वाळलेला चिखल तसाच. वरून नवी नवरी दिसणारी ही गाडी सांगलीच्या पुरात कितीतरी वेळ बुडून राहिलेली होती. व्यापारी बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुलानं एका दलालाकडून ती घेतली होती, आणि एका डॉक्टरांच्या बंगल्यात झाकून ठेवलेली गाडी आहे असं त्याला सांगण्यात आलं होतं. व्यापारी शेडच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "फौजी, बाळाला पयल्यांदा हितं आणलं ते ह्याच गाडीतनं. सूनबाईच्या मांडीव. ब्रेक लागला नसता तर?"

मला वाटलं, आता निघायचं. पण मामा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि हलेचनात. मी खुणावलं, तर म्हणाले, "ते कोल्हापूरचं गिऱ्हाईक यायचं हाय न्हवं? बसू जरा." बोलावल्याशिवाय मामा दुसऱ्याच्या व्यवहारात कधी तोंड घालत नाहीत. इथं भांडण होणार, या विचारानं मी माझ्या गाडीची किल्ली खिशात चाचपत बसलो. चहा आला. मामांनी तो साय धरेपर्यंत ठेवला.

कोल्हापूरचं गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण आणि त्याची नवी बायको. गाडी बघताच दोघांचे डोळे चमकले. तरुण दाराकडं धावलाच. मामांनी व्यापाऱ्यांकडं नुसतं पाहिलं. व्यापारी क्षणभर घुटमळले. मग उठले, त्या तरुणाच्या आधी गाडीपाशी गेले, आत वाकले आणि पट्टा शेवटपर्यंत ओढून म्हणाले, "दादा, ह्यो गाळ बगा. गाडी पुरातली हाय. मलाबी आत्ताच कळलं. इकायची न्हाई." ती मुलगी मटकन खाली बसली. तरुण रागावला, इतक्या लांब बोलावलं म्हणून बडबडला, आणि मग हळूच व्यापाऱ्यांच्या पाया पडला. निघताना व्यापाऱ्यांनी आमच्या गाडीत बेदाण्याची पिशवी ठेवली. मामा नको म्हणाले नाहीत. परतीच्या वाटेवर ते मूठमूठ बेदाणे खात होते; तेव्हा कळलं की त्यांना सकाळपासून भूक लागलेली होती.

मला वाटलं, खूळ उतरलं. पण दोन-तीन महिन्यांनी मामांनी साताऱ्यातच एका निवृत्त प्राध्यापकांची तसलीच गाडी शोधून काढली. या वेळी जेवून आले. वाकले, हुंगलं, पट्टे ओढले, गालिचे उचकटले, मालकांच्या संधिवातावर बोलले, आणि सगळ्यांत शेवटी बसले. गाडी स्वच्छ निघाली. ती मलकापुरात आली त्या दिवशी उसाच्या ट्रॉल्या थांबवून लोक बघायला उतरले. "ह्या वयात?" असं प्रत्येकानं विचारलं. मामी महिनाभर तिच्याकडं न बघताच अंगण झाडत होत्या. मामांनी मात्र गावातल्या एकेका म्हाताऱ्याला शेजारी बसवून फेरी मारली. नऊवारीतल्या एक आजी, नव्वदीच्या, उतरताना म्हणाल्या, "आता मला न्यायला आलं तरी चालंल. पर ह्याच गाडीतनं."

पण पुढं मामांच्या डोळ्यांना काहीतरी झालं. आतल्या पडद्याचा आजार. डॉक्टरांनी उपचार सुरू केले आणि सांगितलं की जेवढी नजर आहे ती टिकली तरी पुष्कळ. गाडी चालवणं मात्र बंद. मला ते फोनवर कळलं. बातमी सांगताना मामांचा आवाज सपाट होता, चहा गार झाला म्हणून सांगावं तसा. मनात आलं, गाडी आता विकायला काढतील, आणि गिऱ्हाइकाला सगळं खरं सांगतील.

परवा मी त्यांच्याकडं गेलो, तर अंगण रिकामं. गाडी नाही, मामा नाहीत, मामी नाहीत. शेतातल्या वाटेनं पुढं गेलो आणि जागच्या जागी थांबलो. उसाच्या दोन फडांमधून सरळ जाणाऱ्या रस्त्यावर ती गाडी गोगलगायीच्या वेगानं येत होती. छप्पर उघडं. पुढच्या काचेवर शिकाऊ चालकाची लाल पाटी. स्टिअरिंगवर मामी, पदर कमरेला खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. शेजारी काळा चष्मा लावून मामा, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी उसाला टेकून उभा राहिलो. हाक मारायचं धाडस झालं नाही. गाडी जवळून गेली तेव्हा मामांचं बोलणं मला ऐकू आलं.

"म्होरं काय हाय गं?"

मामींनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"काय न्हाई. मोकळा हाय रस्ता. बसा तुमी निवांत."