आठवा पाट

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आलेय. विश्वास? शून्य! आवाज आला की तो कुठून आला हे शोधणं हेच माझं काम. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

मी कोडिंग करून चित्रं हलवते. माइकमधून आवाज आत आला की पडद्यावर मासा पोहायला लागतो, असं काहीतरी. मांडव्याजवळच्या एका रिसॉर्टच्या लॉबीसाठी मला काम मिळालं – माझं पहिलंच एकटीचं. आठ माइक, आठ चॅनल, आठ मासे, आणि गप्पा कोळणींच्या.

माझ्या सुमनमावशीच्या वाडीत बायका एका शेडमध्ये सुकट निवडायला बसतात. ओळीत आठ पाट, प्रत्येकीचा ठरलेला. आठवा धाकलीआजीचा. ती गेल्या वर्षी वारली, पण तिच्या पाटावर कोणी बसत नाही. मी तो रिकामा पाट ध्यानात न घेता आठही पाटांवर माइक टांगले. तसंही आठव्याची वायर उंदरांनी कुरतडलेली निघाली, म्हणून ती बॅगेतच राहिली आणि तो माइक न जोडता नुसताच लटकत होता.

मावशीने वर पाहत विचारलं, "हे कशाला लावलंस गो? आमचा बोलना कोनाला ऐकवायचा न्हाय ना?"

"नाही गं, नुसतं टेस्टिंग."

खोटं! साफ खोटं. ती दुपार रेकॉर्ड होऊन लॉबीत कायमची वाजणार होती, हे मला माहीत होतं.

दुपारच्या बोटीने रिसॉर्टचा डिझायनर आला. नाकाला रुमाल. सुकटीवरून असा पाय उचलत चालला की जणू खाली घाण पसरलीय. आम्ही दोघांनी एकेक हेडफोन लावला.

"सुपर्ब! वास नाही, बायका नाहीत, फक्त आवाज," तो म्हणाला. "त्यांना काही सांगायची गरज नाही हं."

आणि मी हसले. ही ही करून हसले! 

तेवढ्यात लॅपटॉपवर आठव्या चॅनलची आवाज दाखवणारी पट्टी हलली.

ओला, चिकट आवाज... कोणीतरी बोटाने मशेरी घासत होतं. सावकाश, पार दाढेपर्यंत. मग घशातून खाकरणं, आणि थूः! थेट माझ्या कानात. मला खरोखर ओलं लागल्यासारखं वाटलं. मी हेडफोन भिरकावून दिला आणि ओढणीने कान खसाखसा पुसला. शी!

"काय झालं?" डिझायनर बघतच राहिला. "मस्त गप्पा चालल्यात की!"

कोडमध्ये आम्ही शून्यापासून मोजतो, तेव्हा वाटलं नंबरच चुकला. तपासला, बरोबर होता. शेजारच्या माइकचा आवाज झिरपत असेल म्हणून रेकॉर्डिंगमधले बाकीचे सात चॅनल बंद करून ऐकलं. थूः तसंच! कुरतडलेली वायर बॅगेत होती, ती तर हातात धरून पाहिली. बायकांचे हात सुकटीत, मशेरी कोणीच लावत नव्हतं.

शेवटी ते मावशीला ऐकवलं. तिचा हात जागीच थांबला.

"धाकलीआय हाय ही," ती हळूच म्हणाली. "कोन खोटा बोलला का अशीच थुकायची." मग माझ्याकडे बघून, "कोन खोटा बोलला गो?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी सांगून टाकलं, त्यांच्यासमोरच रेकॉर्डिंग पुसलं. काम गेलं. मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मान खाली घालून सुकट निवडत राहिली, आणि त्यानंतर मी असताना त्या शेडमध्ये कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

न जोडलेल्या माइकमधून आवाज कसा येतो, हे मी जाणकारांना विचारून दमले. डिझायनरला तो का ऐकू आला नाही, तेवढं मात्र कळतं. ऐकू आला तो खोटं बोलणारीला, आणि जिच्याशी खोटं बोलले तिला. मावशीशी खोटं तो बोललाच नव्हता.